गल्ल्यात साठवलेल्या चिल्लरीचा घरखर्चाला खरोखर हातभार लागतो का?

प्रश्न : मंगळवार पेठेतील गृहिणी, कोल्हापूर

नमस्कार. आमचे पाच माणसांचे घर आहे. यजमान शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत कामाला आहेत, मी घरी शिवणकाम करते, दोन मुले शाळेत जातात आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. पगार सात तारखेला होतो आणि पंचवीस तारखेनंतरचे बारा-तेरा दिवस हात आखडता घ्यावा लागतो. त्या दिवसांना काही आधार व्हावा म्हणून गेल्या गुढीपाडव्याला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मातीचा एक गल्ला आणला आणि घरात नियम केला, की बाहेरून आलेले कोणतेही नाणे पाकिटात किंवा फडताळात राहता कामा नये, ते त्याच दिवशी गल्ल्यात पडले पाहिजे. सासूबाईंनी आपला जुना बटवाही मोठ्या मनाने त्यात रिकामा केला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गल्ला फोडला तेव्हा ३,४१२ रुपये निघाले. शिवाय बटव्यातील पन्नास पैशांची ६१ नाणी आणि पंचवीस पैशांच्या चौदा पावल्या होत्या, त्या या हिशेबात धरलेल्या नाहीत. सात महिन्यांत, म्हणजे दिवसाला साधारण सोळा-सतरा रुपये, आपल्या नकळत साठले याचा सर्वांना आनंद झाला. तो फार टिकला नाही. नाणी पिशवीत घालून बँकेत गेले तर खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी आधी "दुपारनंतर या" आणि दुपारी "एवढी चिल्लर आम्ही घेत नाही" असे सांगितले. पिशवी परत आली, फडताळात राहिली आणि दोन महिन्यांत दुधाला, रिक्षाला, मुलांच्या खाऊला अशी मूठमूठ करून संपली. त्या पैशांतून घरात एखादी वस्तू आली असे आज बोट दाखवून सांगता येत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली, या वेळी पत्र्याच्या डब्यात. परंतु आता यजमान दूध, पेट्रोल, अगदी पाच रुपयांचा चहासुद्धा फोनवरून भागवतात, त्यामुळे घरात नाणीच येत नाहीत. दुसरी एक गोष्ट मला अधिक खटकते. कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजीवालीला वीस रुपये द्यायचे असतात, घरातील डब्याला हात लावायचा नाही असे ठरलेले असते, म्हणून मी पाचशेची नोट मोडते. आणि मोडलेली नोट संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही हा अनुभव सर्वांनाच असेल. मग मी वाचवते आहे की उलट अधिक खर्च करते आहे?

जाणकारांनी कृपया तीन गोष्टींवर लिहावे. बँकेने चिल्लर नाकारली तर काय करावे? पन्नास पैशांची नाणी आणि पावल्या यांचे काय करावे? आणि मुख्य म्हणजे, एवढ्याशा पैशांनी महिन्याची ओढाताण खरोखर कमी होते का, की ही केवळ मनाची समजूत आहे?

उत्तर १ : निवृत्त रोखपाल

ताई, चौतीस वर्षे रोखीच्या खिडकीमागे काढली आहेत, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे. तिसऱ्याचे उत्तर घर चालवणाऱ्यांनी द्यावे.

ग्राहकाने आपल्या खात्यात किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि चलनात असलेली सर्व नाणी बँकांच्या सर्व शाखांनी स्वीकारावीत असे तिचे स्पष्ट निर्देश आहेत. त्यामुळे "आम्ही घेत नाही" हे उत्तर नियमाला धरून नव्हते. पुष्कळ लोक येथे २०११ च्या नाणे कायद्यातील एक हजार रुपयांच्या मर्यादेचा दाखला देतात, परंतु ती मर्यादा देण्याघेण्याच्या व्यवहाराची आहे. एक रुपया आणि त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कायदेशीर चलन मानली जातात, म्हणजे एखाद्या दुकानदाराचे तीन हजारांचे बिल तुम्ही केवळ नाण्यांत देऊ लागलात तर तो नाही म्हणू शकतो. खात्यात भरणा करण्याशी तिचा संबंध नाही.

पन्नास पैशांचे नाणे आजही कायदेशीर आहे. बाजारात ते कोणी घेत नाही हा भाग वेगळा. कायद्याने ते एका वेळी दहा रुपयांपर्यंतच चालते, म्हणजे वीस नाणी; तुमची ६१ नाणी सरळ खात्यात भरावीत, साडेतीस रुपये जमा होतील. पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी मात्र ३० जून २०११ पासून चलनातून काढून घेतलेली आहेत. त्या चौदा पावल्या मुलांना खेळायला द्या.

आता खिडकीच्या आतल्या बाजूचेही थोडे ऐकून घ्यावे. मिसळीची मिसळ ताटात बरी, पिशवीत नव्हे. एक, दोन, पाच, दहा अशी सर्व नाणी एकत्र कालवून कोणी काउंटरवर ओतली, तर रांगेतील वीस माणसांना थांबवून ती निवडत बसणे कोणालाही जमत नाही, आणि मग नियम माहीत असलेला माणूससुद्धा टाळाटाळ करतो. एकाच मूल्याच्या शंभर नाण्यांची एक पारदर्शक पिशवी, वर चिठ्ठीवर मूल्य आणि एकूण रक्कम, एवढे करून नेले तर निम्मे भांडण घरीच मिटते. शंभर-शंभरच्या पिशव्या सोयीच्या ठरतात आणि एक व दोन रुपयांची नाणी वजनावर घेणे श्रेयस्कर, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवलेले आहे.

वजनाचा उपयोग तुम्हालाही मोजणी पडताळण्यासाठी होईल. २०११ मध्ये आलेल्या, रुपयाचे चिन्ह असलेल्या मालिकेत एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅम, दोनचे ४.८५ ग्रॅम, पाचचे ६ ग्रॅम आणि दहाचे ७.७१ ग्रॅम असते. म्हणजे या मालिकेतील दोन रुपयांची शंभर नाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४८५ ग्रॅम भरली पाहिजेत. येथे एक खोच आहे. त्याआधीचा पोलादी रुपया हासुद्धा ४.८५ ग्रॅमचाच आणि २५ मिलिमीटर व्यासाचाच आहे, म्हणजे जुना रुपया आणि या मालिकेतील दोन रुपये हाताला अगदी सारखे लागतात. त्यामुळे आधी डोळ्यांनी निवडावे आणि मग तोलावे. आमच्या शाखेत या एका साम्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा हिशेब चुकत असे, आणि दर वेळी तो ग्राहकाचाच चुकला आहे असे आम्ही गृहीत धरत असू, हेही कबूल करतो.

महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत बँकेत जाऊ नका, तेव्हा निवृत्तिवेतन आणि पगाराची गर्दी असते. पंधरा ते वीस तारखेच्या दरम्यान, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जावे. तरीही नकार मिळाला तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते. माझ्या अनुभवात पोच मागितल्यावर बहुतेक प्रकरणे तेथेच निकालात निघतात. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळे हाच युक्तिवाद तेथे करून उपयोग नाही.

उत्तर २ : किराणा दुकानदार, राजारामपुरी

रोखपाल साहेबांनी सांगितलेले योग्यच आहे. पण ताई, तुम्ही चिल्लर घेऊन बँकेत कशाला जाता? ज्याला तिची गरज आहे तो तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसला आहे.

लोकांना वाटते की फोनवरून पैसे येऊ लागल्यापासून दुकानदाराची मोडीची अडचण संपली. तसे झालेले नाही. फोनवाले गिऱ्हाईक पूर्ण रक्कम देऊन जाते आणि माझ्याकडे नाणी टाकत नाही, तर रोखवाले गिऱ्हाईक ४३ रुपयांच्या मालाला पन्नासची नोट देते आणि सात रुपये परत मागते. नाणी गल्ल्यातून बाहेर जातात, आत येत नाहीत. मग आम्ही चॉकलेट हातावर ठेवतो आणि बोलणी खातो. तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला विचारून पाहा. सकाळी दुकान उघडतेवेळी चारपाचशे रुपयांची निवडलेली मोड कोणी आणून दिली तर तो तत्काळ नोटा देईल. तुमचे महिन्याचे खाते असेल तर त्यात वळते करून घ्यावे हे त्याहून चांगले, कारण नोटा हातात आल्या की तुम्हीच लिहिल्याप्रमाणे त्या संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. पूर्वी बाजारात मोड विकणारे शेकड्यामागे काही रुपये जास्त घेत असत. तसले काही करू नये, रुपयाला रुपया असा सरळ व्यवहार असावा.

दहाच्या नाण्याविषयी एक शब्द. मध्यंतरी काही वर्षे हे नाणे चालत नाही, अमुक नक्षीचे खोटे आहे, अशा अफवा होत्या आणि माझ्याही काही व्यापारी मित्रांनी ती घेणे बंद केले होते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारच्या नक्षींची दहाची नाणी कायदेशीर आहेत, मग त्यांवर रुपयाचे चिन्ह असो वा नसो. कोणी नाकारले तर वाद न घालता दुसऱ्या दुकानात जावे, पण नाणे टाकून देऊ नये.

तुमच्या मुख्य प्रश्नावर दुकानाच्या या बाजूने जे दिसते ते लिहितो. पाच आणि दहा रुपयांच्या ज्या पुड्या आमच्या दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकलेल्या असतात, त्या हातातल्या नाण्यासाठीच बनवलेल्या असतात. कच्चा माल महाग झाला तरी कंपनी पाचची किंमत सहसा सहा करत नाही, ती आतला माल काही ग्रॅमने कमी करते. कारण पाचचे नाणे मुलाच्या हातात तयार असते आणि सहा रुपये तयार नसतात. शाळा सुटल्यावर येणारे मूल घरून पैसे मागून आणत नाही, ते फडताळावर पडलेले नाणे उचलून आणते. तुमच्या घरातील नाणे ज्या दिवशी फडताळाऐवजी गल्ल्यात पडले, त्या दिवशी ती एक पुडी विकली गेली नाही. माझा धंदा तेवढा बुडाला, पण तुमची बचत तीच आहे. ३,४१२ रुपयांतील किती रुपये असे पुड्यांचे होते आणि किती रुपये नाहीतरी दुधालाच गेले असते, हे तुम्हालाच ठाऊक.

उत्तर ३ : हिशेबनीस

मी थोडे कटू लिहिणार आहे, राग मानू नये.

गल्ला उत्पन्न देत नाही. एका डब्यातील पैसे दुसऱ्या डब्यात गेले एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि पहिला डबा त्यामुळे रिकामा पडून पंचवीस तारखेला उधारी करावी लागत असेल तर घराचे नुकसान होत आहे. म्हणून माझी कसोटी एकच आहे. गल्ला सुरू केल्यापासून महिनाअखेरीची उधारी कमी झाली का? झाली असेल तर तुम्ही खरोखर वाचवलेत. झाली नसेल तर तुम्ही दुकानदाराच्या पैशाने गल्ला भरलात.

यातील आकडे पाहू. सात महिने नाणी घरात पडून राहिल्याने बँकेचे व्याज बुडाले असे काही जण म्हणतील, पण बचत खात्याच्या दराने ते पन्नास रुपयेही होत नाही, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र त्याच काळात घरावर शेकडा दोन रुपये महिना दराचे हातउसने असेल, तर हिशेब बदलतो. गल्ल्यातील सरासरी शिल्लक अंतिम रकमेच्या निम्मी, म्हणजे सुमारे १,७०० रुपये धरली, तर सात महिन्यांत त्यावर जवळजवळ २४० रुपये व्याज तुम्ही विनाकारण भरले असे होते. असे कर्ज असलेल्या घराने गल्ला दर महिन्याला रिकामा करून ते पैसे कर्जात भरावेत. वर्षभर थांबून तो सणाला फोडण्याची मौज त्या घराला परवडत नाही.

कर्ज नसेल तर नाण्यांच्या वेगाने चालणारी पण नाण्यांवर अवलंबून नसलेली व्यवस्था लावावी. पोस्टाचे पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. त्याचा दर सरकार तिमाहीला ठरवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.७ टक्के झाला होता. त्या दराने महिना ५०० रुपये, म्हणजे तुमच्या पहिल्या गल्ल्याचाच वेग, पाच वर्षे भरले तर ३०,००० चे साडेपस्तीस हजारांहून थोडे अधिक होतात. फार मोठी रक्कम नव्हे, पण ती मूठमूठ करून दुधाला जात नाही.

फोनवरील व्यवहारांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. रात्री जेवणानंतर यजमानांनी दिवसभराचे व्यवहार उघडून पाहावेत आणि प्रत्येक रक्कम पुढच्या दहापर्यंत पूर्ण करून मधला फरक मोजावा. ६४ रुपयांचे दूध असेल तर सहा, १३७ चे सामान असेल तर तीन. या फरकांची बेरीज ज्या खात्याचे कार्ड आणि फोन जोडलेला नाही अशा तुमच्या खात्यात पाठवावी. पूर्वी दुकानदार जी मोड परत देत असे तीच ही मोड, फक्त ती आता आपली आपण परत घ्यायची. रोज जमणार नसेल तर रविवारी आठवड्याचे एकदम करावे. दोन आठवडे खंड पडला की ही सवय मोडते, हे स्वतःच्या घरातील अनुभवावरून सांगतो.

पाचशेची नोट मोडण्याविषयीची तुमची शंका अगदी बरोबर आहे. "सर्व नाणी गल्ल्यात" हा नियम म्हणूनच चुकीचा आहे. दोनशे रुपयांची मोड पाकिटात कायम असावी आणि त्यावरचे तेवढे गल्ल्यात जावे.

उत्तर ४ : शिवाजी पेठेतील आजी

ताई, तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, म्हणून मोकळेपणाने लिहिते. हे उत्तर नातू टंकलिखित करून देत आहे, वाक्ये माझी आहेत.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले तेव्हा मी आठ वर्षांची होते. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले आणि आमच्या आईची पंचाईत झाली, कारण एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे होत होते, पण पाव पैशाचे नाणेच नव्हते. त्यामुळे एक आणा मोडला तर सहा पैसे मिळत, आणि चार आणे एकदम मोडले तर बरोबर पंचवीस. एकेक करून चार वेळा मोडले तर चोवीसच. आई शाळेत गेलेली नव्हती, पण तिने आम्हा भावंडांना बजावून ठेवले होते, की सुटा आणा घेऊन कोणीही दुकानात जायचे नाही, चार झाले की मला सांगायचे. एका पैशासाठी एवढे कशाला, असे शेजारणी म्हणत. आई ऐकत नसे.

हिशेबनीस दादांचे बोलणे मला पटते, पण त्यांनी एक गोष्ट वगळली आहे. गरिबाला वस्तू महाग पडते ती थोडी थोडी घ्यावी लागते म्हणून. एकदम घ्यायला हातात रक्कम नसते, म्हणून पाव किलोची पुडी आणायची आणि किलोचा फायदा सोडून द्यायचा. गल्ल्यातील पैशांचे खरे काम तेथे आहे. तुमच्या ३,४१२ रुपयांवर कशाचेच नाव लिहिलेले नव्हते, म्हणून जो मागेल त्याचे ते झाले.

मी पन्नास वर्षे गल्ल्यावर एकच नाव लिहीत आले, ते म्हणजे चटणी. कोल्हापूरच्या घरात वर्षाची चटणी हा लहानसहान खर्च नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. नवी मिरची बाजारात आली की लक्ष्मीपुरीत जाऊन तिखटासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी एकदम घ्यायची, देठे घरी खुडायची, उन्हात वाळवायची, धणे, खसखस, खोबरे आणि बाकीचा मसाला आपल्या हाताने भाजायचा आणि कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणायची. एका दिवसात हजारो रुपये जातात. पण नंतर वर्षभर तिखटाची पुडी म्हणून घरात येत नाही, आणि चटणी-भाकरीवर एखादी संध्याकाळ निभावून नेता येते, हेही त्याच हिशेबात धरावे. पंचवीस तारखेनंतरच्या बारा दिवसांत ज्या घरात चटणी, गूळ आणि शेंगदाणे भरलेले असतात, त्या घराला भाजी नसली तरी उधारीवर जावे लागत नाही. तुम्ही पैसे त्या बारा दिवसांसाठी साठवता आणि ते त्याच बारा दिवसांत थोडे थोडे खर्च करता. त्याऐवजी वर्षातून एकदा अशी वस्तू घ्या, जी त्या बारा दिवसांत पैशाशिवाय चालेल.

सासूबाईंनी बटवा रिकामा केला हे वाचून मात्र वाईट वाटले. आमच्या वयाला दोन सुटे रुपये स्वतःचे लागतात. देवळात ठेवायला, नातवाच्या हातावर द्यायला, कोणाकडे मागावे लागू नये म्हणून. त्यांचा वेगळा लहान डबा करून द्या आणि त्यात किती आहेत ते कोणी मोजू नका.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी डबा उघडून सर्वांनी मिळून नाणी निवडली. दहाची ३१, पाचची ५८, दोनची ७३ आणि एक रुपयाची ८० निघाली, म्हणजे एकूण ८२६ रुपये. दिवाळीपासून शंभर दिवस धरले तर दिवसाला आठ रुपये, पूर्वीच्या निम्मे. बाकीचे निम्मे फोनमध्ये गेले हे आता दिसले. रोखपाल काकांनी सांगितलेली खोच खरी ठरली. धाकट्याने नऊ जुने रुपये दोनच्या ढिगात टाकले होते. मोठ्याला कोठूनतरी कळले होते, की नाण्यावरील सालाखाली चौकट असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. त्यामुळे निवडायला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागला, परंतु दोघांपैकी एकानेही त्या दुपारी पाच रुपये मागितले नाहीत.

शंभराची एकही पिशवी भरली नाही, म्हणून बँकेचा विचार सोडला आणि सोमवारी सकाळी नाणी आमच्या दुकानदाराकडे नेली. दुकानदार दादा, आपले म्हणणे खरे निघाले. त्यांनी मोजूनही न घेता ७०० रुपये खात्यावर वळते केले आणि वरचे १२६ मी आजींनी सांगितलेल्या कामासाठी बाजूला ठेवले. पाकिटात दोनशेची मोड ठेवण्याचा नियम केला आहे. पन्नास पैशांची ६१ नाणी वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवली आहेत आणि येत्या अठरा तारखेला बँकेत घेऊन जाणार आहे. साडेतीस रुपयांसाठी जाणार नाही, ती खिडकी पुन्हा एकदा पाहायची आहे म्हणून जाणार आहे.

हिशेबनीस दादांच्या कसोटीवर मात्र आम्ही उतरलो नाही. खात्याची वही काढून पाहिली. गल्ला चालू असलेल्या सात महिन्यांपैकी चार महिन्यांत दुकानाची उधारी आधीच्यापेक्षा वाढलेली होती. हातउसने कोणाचे नाही, एवढे समाधान. फोनवरचा फरक दर रविवारी माझ्या पोस्टाच्या खात्यात टाकायचे यजमानांनी मान्य केले आहे. पहिल्या आठवड्याचे ६८ रुपये झाले.

सासूबाईंना स्टीलचा झाकणाचा डबा दिला. त्यांनी तो उशाशी ठेवला आहे.

आजी, आपल्याला एक विचारायचे राहिले. पाच माणसांना वर्षाची चटणी करायची तर मिरची किती घ्यावी, आणि डंकावर नंबर कधी लावावा लागतो?

उत्तर ५ : शिवाजी पेठेतील आजी

घरात तिखट खाणारे किती आहेत त्यावर मिरची ठरते. पहिल्या वर्षी तीन किलो घ्या, त्यात संकेश्वरी दोन आणि ब्याडगी एक. मुले लहान असल्यास ब्याडगी थोडी वाढवा. मार्च संपत आला की डंकावर पहाटेपासून रांग लागते, म्हणून पंधरा मार्चच्या आत उरकून घ्या. खोबरे मात्र आत्ताच घेऊन ठेवा. मसाल्याच्या दिवसांत मागणी वाढली की ते नेहमी महागते, आणि १२६ रुपयांत सुरुवात तेवढीच होईल.